ओ देणारं माणूस

जेवणाची वेळ. तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल, त्यावर हिंदीत नाचणारी-गाणारी रंगीत चित्रं, समोर फतकल मारून बसलेलं दीड-दोन वर्षांचं लेकरू आणि वरण-भाताचा घास कालवून त्याच्या तोंडाशी नेणारी आजी. घास आला की तोंड उघडतं, डोळे मात्र जागचे हलत नाहीत. घास गरम आहे की गार, मीठ जास्त झालं की कमी, कसलीच तक्रार नाही. ताटली रिकामी होते आणि आजीला हायसं वाटतं. तिचं समाधान खोटं म्हणता येणार नाही, कारण लेकराच्या पोटात खरोखरच चार घास गेलेले असतात. मुखेड तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर हे दृश्य आता इतकं रोजचं झालं आहे की त्याकडे कुणी वळून बघत नाही. ही पुस्तिका त्या दृश्याविषयी आहे. मोबाइलचा प्रकाश, डोळ्यांचे नंबर, बिघडलेली झोप यांवर पुढच्या पानांत लिहिलंच आहे. मला या प्रस्तावनेत त्या जेवणातल्या शांततेकडे लक्ष वेधायचं आहे. त्या वीस मिनिटांत आजी लेकराशी एक शब्द बोललेली नसते आणि लेकरानंही तिला काही विचारलेलं नसतं.

आता मोबाइल काढून घ्या. पत्र्यावर कावळा येऊन बसतो. लेकरू बोट करतं, ‘का, का’ करतं. आजी म्हणते, ‘‘कावळा आला का माय? काय म्हनायलाय? भाकर पाह्यजे म्हनायलाय का?’’ लेकरू जोरात मान हलवतं, पुन्हा बोट करतं, आजी भाकरीचा तुकडा फेकते, कावळा उडतो, लेकरू दचकून आजीकडे बघतं, आजी हसते, मग तेही हसतं. यात अर्धं मिनिटही जात नाही. पण तेवढ्यात लेकराचं लक्ष जिथं होतं तिथंच एक शब्द येऊन चिकटला, त्याच्या हाकेला ओ मिळाली, आणि आपण आवाज केला की माणूस आपल्याकडे वळतं, हे त्याला आणखी एकदा कळलं. भाषा अशी येते. जन्मापासून पहिल्या तीनेक वर्षांत मुलाच्या मेंदूला सगळ्यात जास्त गरज असते ती हाकेला ओ देणाऱ्या माणसाची, आणि पडद्यात नेमकं हेच नसतं. लेकरू बोललं काय, रडलं काय, गप्प झालं काय, चित्र आपलं पुढे सरकतच राहतं. लहान मुलांच्या स्क्रीनवरच्या वेळेबद्दल जे काही म्हणायचं ते इथून सुरू व्हायला हवं असं मला वाटतं. मिनिटं मोजणं त्यानंतरचं.

हे अनुभवाचं बोलणं झालं, पण त्याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक साधा पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध केला. घरी फक्त इंग्रजी ऐकणारी नऊ महिन्यांची बाळं घेतली. काहींशी चिनी बायका-पुरुष बारा वेळा समोर बसून, पुस्तकं आणि खेळणी घेऊन चिनीत बोलले. दुसऱ्या गटाला त्याच माणसांची, त्याच बोलण्याची चित्रफीत दाखवली. काहींना नुसता आवाज ऐकवला. समोर माणूस होतं त्या बाळांना चिनी ध्वनींतले बारीक फरक ओळखू येऊ लागले. चित्रफितीवाल्या बाळांची गत, चिनी कधीच न ऐकलेल्या बाळांसारखीच राहिली. शब्द तेच, चेहरे तेच, वेळही तेवढाच. फरक इतकाच की एका ठिकाणी बाळानं डोळा वर केला तर समोरचं माणूस त्याच्याकडे बघत होतं.

पडदा स्वतः शिकवत नाही इतकंच असतं तर फार बिघडलं नसतं. तो घरातलं बोलणंही खातो. ऑस्ट्रेलियात २२० कुटुंबांतल्या लहान मुलांच्या अंगावर दिवसभराचं बोलणं टिपणारं छोटं यंत्र ठेवून एक अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मूल तीन वर्षांचं असताना पडद्यासमोरच्या प्रत्येक जादा मिनिटामागे त्याच्या कानावर पडणारे मोठ्यांचे सुमारे सहा-सात शब्द कमी झाले, त्याचे स्वतःचे उद्गार जवळपास पाचने कमी झाले आणि बोलण्या-उत्तरण्याची एखादी फेरी गळाली. एका मिनिटाला हा हिशेब किरकोळ वाटेल. रोजचे दोन तास धरून गुणाकार करून पाहावा. त्याआधी २००९ मध्ये अमेरिकेतल्या ३२९ मुलांच्या अशाच नोंदींतून दिसलं होतं की घरात टीव्हीचा आवाज चालू असलेल्या प्रत्येक तासाला मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी ७७० नी कमी होतात. मूल टीव्ही बघत आहे की नाही याचा इथं संबंध नाही. तो घरात चालू असला तरी पुरे. आपल्याकडे सकाळी लागलेला टीव्ही रात्री झोपतानाच बंद होणारी घरं कमी नाहीत.

यावर शंका घेणारे म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं हलक्यानं घेऊ नये, की घरातल्या नोंदींचे हे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. ज्या घरात आईला उसंत नाही, पैसा नाही, मन थाऱ्यावर नाही, तिथंच मुलाच्या हाती मोबाइल जास्त जातो. मग मुलाचं बोलणं मागे पडलं ते मोबाइलमुळे की त्या ओढगस्तीमुळे? किंवा उलटं असेल, मूल मुळातच चिडकं, उशिरा बोलणारं म्हणून त्याला गप्प करायला मोबाइल दिला जात असेल. कॅनडातल्या कॅल्गरीत २,४४१ माता-मुलांच्या जोड्यांचा दोन, तीन आणि पाच वर्षांच्या वयात मागोवा घेणारा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यानं याच प्रश्नाला हात घातला. आधी पडद्याचा वेळ जास्त, मग पुढच्या टप्प्यावर विकास मागे, असा क्रम त्यात सापडला; उलटा क्रम सापडला नाही. जपानमधल्या सात हजारांहून अधिक मुलांच्या २०२३ च्या अभ्यासात, वर्षाच्या वयात चार तास किंवा त्याहून जास्त पडदा पाहणाऱ्यांत पुढे दुसऱ्या आणि चौथ्या वर्षी संवाद आणि अडचण सोडवणं या दोन बाबतींत मागे पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. तरीही कबूल करायला हवं की एकेका मुलाच्या पातळीवर हे परिणाम बेताचे आहेत. मोबाइल पाहिला म्हणून मूल वाया गेलं, असं कुठलाही प्रामाणिक संशोधक म्हणत नाही, आणि या पुस्तिकेनंही तसं म्हटलेलं नाही. गरिबीची ओढ आणि पडदा यांना वेगळं काढता येत नाही, हा आक्षेप मला उलट आपल्याच बाजूचा वाटतो. ते दोन्ही एकाच घरात राहतात, हेच मुखेडचं खरं दुखणं आहे. त्याकडे येतोच.

त्याआधी पालकांचा सगळ्यात लाडका युक्तिवाद: ‘मोबाइलवर बघून आमचं लेकरू एबीसीडी म्हणतंय, रंग ओळखतंय, हिंदीत बोलतंय.’ म्हणतं खरं. पण म्हणणं आणि बोलणं यांत फरक आहे. पाहुण्यांसमोर आकडे घडाघडा म्हणणारं तेच लेकरू पाणी हवं असेल तर आईचा पदर ओढून नुसतं ‘अं, अं’ करत असेल, तर त्याला भाषा आलेली नाही, ध्वनी पाठ झालेत. २०१० मध्ये अमेरिकेत वर्ष-दीड वर्षाच्या मुलांना शब्द शिकवण्याचा दावा करणाऱ्या एका लोकप्रिय चित्रफितीची परीक्षा झाली. महिनाभर ती पाहिलेली मुलं, ती अजिबात न पाहिलेल्या मुलांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. सगळ्यात जास्त शब्द शिकली ती आई-बापांनी घरकामाच्या ओघात बोलता बोलता शिकवलेली मुलं. गंमत म्हणजे ज्या पालकांना ती चित्रफीत स्वतःला आवडली होती, त्यांना आपलं मूल त्यातून पुष्कळ शिकलं असं ठामपणे वाटत होतं. तीन-चार वर्षांपुढच्या मुलांची गोष्ट थोडी निराळी. विचारपूर्वक बनवलेल्या कार्यक्रमातून ती शिकतात, आणि शेजारी बसून कुणी त्यावर बोललं तर आणखी शिकतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र त्याचा फायदा जवळजवळ नाही.

आमच्या भागात या युक्तिवादाला आणखी एक पदर आहे. मुखेडच्या एका अंगाला लातूर जिल्ह्यातले जळकोट-उदगीर, दुसऱ्या अंगाला देगलूर, आणि पलीकडे लगेच कर्नाटक-तेलंगणाची हद्द. तांड्यावर गोरमाटी, गावात मराठवाडी मराठी, बाजारात दखनी, सोयरिकीत कुठं तेलुगू, कुठं कानडी. असं दोन-तीन भाषांत वाढणं ही इथल्या लेकरांची कमाई आहे, कारण त्या प्रत्येक भाषेमागे एक माणूस उभा असतो: गोरमाटीमागे आजी, मराठीमागे अंगणवाडीची ताई, दखनीमागे दुकानदार. मोबाइलमधल्या हिंदी-इंग्रजीमागे असं कुणीच उभं नाही. ती भाषा घरात कुणाशी बोलायची, हे लेकराला कळत नाही. मग आजीची भाषा अर्धी राहते आणि पडद्याचीही अर्धीच येते.

‘टीव्ही आला तेव्हाही हीच ओरड होती’ हाही आक्षेप असतो. होती. पण १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं तेव्हा गल्ली एका घरात जमायची, आणि तासाभरात ते संपायचं. संपणं ही त्या टीव्हीची मोठी सोय होती. आताचा पडदा संपत नाही, एक चित्र सरलं की दुसरं आपोआप सुरू होतं, आणि तो एकट्यानं बघायचा असतो.

आता मुखेडच्या दुखण्याकडे. बालाघाटच्या माळरानाचा हा तालुका, पाऊस लहरी, जमीन हलकी. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं टोळीनं बाहेर पडतात: कुणी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर, कुणी हैदराबादेकडे बांधकामावर. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात, म्हणजे आई घरी राहिली तर अर्धा कोयता. शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहं निघाली. सहा वर्षांखालच्या लेकरापुढे दोनच वाटा उरतात. एक, आई-बापाबरोबर कोपीवर जाणं, जिथं आई पहाटेच फडात उतरते आणि सात-आठ वर्षांची बहीण धाकट्याला सांभाळते. दुसरी, गावात थकलेल्या आजी-आजोबांपाशी राहणं. या दोन्ही ठिकाणी मोबाइल पोहोचला आहे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, कोरोनात शाळा मोबाइलवर आली. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२१ मध्ये तो ६७.६ टक्के घरांत होता. शाळेसाठी घेतलेला फोन शाळा उघडल्यावर धाकट्याच्या हातात आला. सात वर्षांच्या बहिणीला, कंबर धरलेल्या आजीला रडणाऱ्या लेकरापुढे तो सोडून दुसरं काय सापडणार?

याच राज्यात शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नाला दुसरं उत्तर सापडलं होतं, अफू. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळागोळी’ चारून कामावर जात. त्या काळच्या पाहण्यांत ही गोष्ट स्पष्ट नोंदवलेली आहे. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. मोबाइल म्हणजे अफू असं मला म्हणायचं नाही; ती तुलना रसायनाची केली तर खोटी आणि क्रूर होईल. तुलना आहे ती आईच्या अडचणीची. कामावर गेलं नाही तर चूल पेटत नाही, लेकराला बघायला कुणी नाही, आणि लेकरू गप्प राहील अशी एक वस्तू दोन पैशांत मिळते. तेव्हाही सुशिक्षितांनी आधी आईलाच अडाणी ठरवलं. पण गोष्टी हलल्या त्या कायद्यामुळे आणि सोयीमुळे. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, १९२९ मध्ये तो कायदा झाला, आणि पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यानं स्त्री-कामगार असलेल्या मोठ्या कारखान्यांना पाळणाघर बंधनकारक केलं. उसाचा फड मात्र कारखान्यात धरला जात नाही. ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडतो, तो तोडणारी बाई मुकादमाची, आणि तिचं लेकरू कुणाचंच नाही. तेव्हा ‘आईनं मोबाइल देऊ नये’ एवढाच उपदेश करणाऱ्यानं, मग ती आई लेकरू कुणापाशी ठेवील, हेही सांगायला हवं.

उत्तर गावात आहे, अर्धवट का होईना. कोसबाड-बोर्डीच्या आदिवासी पाड्यांवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, बिया, पानं एवढ्या भांडवलावर बालशिक्षण उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली तेव्हा तेच नाव गावोगाव गेलं. आज अंगणवाडीची ताई हीच गावातली अशी एक मानधनावरची बाई आहे, जिचं काम लेकराला ओ देणं हे आहे. पण तिच्या हातातही आता पडदा आहे. वजन-उंची, हजेरी, आहाराचे फोटो, सगळं ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी ॲपवर भरायचं. २०२१ मध्ये राज्यभरच्या हजारो सेविकांनी सरकारी फोन परत केले, कारण ते तापत, अडकत, आणि ॲपमध्ये मराठी नव्हती. फोन नंतर बदलले, नोंदी वाढतच गेल्या, त्यात घरी नेण्याच्या आहारासाठी चेहरा पटवण्याची भर पडली. रेंज येईपर्यंत ताई दाराशी हात उंच करून उभी, आणि आत पंचवीस लेकरं. लेकरांच्या मोबाइलची काळजी करणाऱ्या शासनानं ताईच्या मोबाइलचे तास आधी मोजावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही गावांनी आपापली वाट काढली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. आपल्या शेजारी उमरग्याजवळच्या जकेकूरवाडीनंही तसाच भोंगा लावला. पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीनं तर अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. बंदीवर माझा फारसा भरवसा नाही. सतरा वर्षांच्या पोराला आणि सतरा महिन्यांच्या लेकराला एकच नियम लावणं शहाणपणाचं नाही. भोंगा मात्र मला आवडतो. तो मुलांच्या अभ्यासासाठी वाजतो, पण त्या दीड तासात मोठ्यांच्याही हातातला फोन खाली जातो, आणि पाळण्यातल्या लेकराला त्याचा फायदा कुणी न ठरवता मिळतो.

मिनिटांचा हिशेब विचारणाऱ्यांसाठी तोही देतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, वर्षाच्या मुलालाही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासापेक्षा जास्त नको, कमी तितकं बरं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्लाही जवळपास हाच आहे. दोन वर्षांखालच्यांसाठी तिनं एकच सवलत ठेवली, अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल. ही सवलत मुखेडसाठी फार मोलाची आहे. २०१४ च्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या माणसाकडून नवे शब्द शिकली, त्याच माणसाच्या आधी टिपलेल्या चित्रफितीतून शिकली नाहीत. म्हणजे फडावरून रात्री बाप फोन करतो, ‘बाबू, जेवलास का? काय खाल्लंस?’ म्हणतो, आणि लेकरू तोंड उघडून दाखवतं, तेव्हा तोच मोबाइल ओ देत असतो. त्या फोनला कुणी नावं ठेवू नयेत.

आणखी एका गोष्टीत सावध राहायला हवं. मोबाइलमुळे ऑटिझम होतो, असं आता गावातही सर्रास बोललं जातं. त्याला पुरावा नाही. फार पडदा पाहणारी काही मुलं हाकेकडे वळत नाहीत, डोळ्याला डोळा देत नाहीत, आणि मोबाइल थांबवून माणसांत आणल्यावर सुधारतात, हे खरं. पण त्यावरून आईला दोष देणंही चूक, आणि ‘मोबाइल बंद केला की होईल नीट’ म्हणत वर्ष घालवणं त्याहून मोठी चूक. वर्षाचं मूल नावानं हाक मारल्यावर वळत नसेल, दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर आधी त्याचे कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नये.

पुढची पानं माता बैठकीत मोठ्यानं वाचायची म्हणून लिहिली आहेत. ताईंना एकच विनंती: वाचताना मध्येच एखादं लेकरू काही बोललं, तर पान तिथंच थांबवावं आणि आधी त्याला ओ द्यावी.